पळून जाणाऱ्या मुलीची आत्या

माझी भाची पळून जाताना कधी घाई करत नसे. जेवलेलं ताट घासून पालथं घालायची, गॅस बंद आहे का पाहायची, दाराला कुलूप लावायची आणि किल्ली शेजारच्या मामींकडे देऊन जायची. मामी म्हणजे आमच्या शेजारच्या तमिळ बाई, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. भाची त्यांना सांगायची की ट्यूशनला जातेय. संध्याकाळी मी कामावरून येऊन किल्ली घ्यायला त्यांच्या दारात उभी राहिले की मामी विचारायच्या, "आज ट्यूशन अजून सुटली नाही का?" भाचीला कुठलीही ट्यूशन नव्हती.

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती लहान असतानाच तिची आई तापाने गेली. भावाने पुढे दुसरं लग्न केलं, मस्कतला नोकरी धरली आणि 'जरा जम बसेपर्यंत' म्हणून मुलीला माझ्याकडे कुंभकोणमला, मेलकावेरीतल्या माझ्या दोन खोल्यांत आणून सोडलं. तिकडे त्याचा जम बसला, एक बाळही झालं, पण ही माझ्याकडेच राहिली. मी लग्न केलेलं नाही. का नाही, हे विचारण्यात आमच्या नातेवाइकांनी इतकी वर्षं घालवली आहेत की आता त्यांना उत्तर नकोच असतं. मी जवळच्या आडुतुरैला, भात संशोधन केंद्रात, बियाणं तपासते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि त्यातले किती रुजतात ते पाहायचं, हे माझं काम. काहीतरी वाढवण्याचा माझा अनुभव एवढाच होता.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वज राजवटीबरोबर इकडे आले, राजवट गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, हे आम्हाला कोणी शिकवत नाही. चपला घालता घालता भाषा बदलते. आमची घरची मराठी इतकी जुनी की महाराष्ट्रातला माणूस ऐकतो आणि आधी हसतो, मग कौतुक करतो. त्या कौतुकाचा मला जास्त राग येतो. मी हे ज्या मराठीत लिहितेय ती पुस्तकं वाचून कमावलेली आहे. घरात चुकून तसं बोलले तर भाची म्हणते, "आली टीव्हीतली बाई." आणखी एक आमची सवय म्हणजे जे झाकायचं ते मराठीत बोलायचं. पाहुण्यांसमोर दूध संपलंय हे मराठीत, दुकानदारासमोर साडीचा रंग भडक आहे हे मराठीत आणि डॉक्टरसमोर डॉक्टरची अक्कलही मराठीत. समोरचा हसतमुखाने बघत असतो. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पहिल्यांदा ती गेली ती फार लांब नाही, तिरुप्पनंदाळला. तिथल्या बसस्टँडवर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या एका बाईने तिला हटकलं, "कुठे निघालीस गं एकटी?" हिने चोख तमिळमध्ये काहीतरी थाप मारली. पण कुंभकोणमची पोरगी तोंड उघडताच ओळखू येते. त्या बाईने बोलता बोलता शाळा काढली, गल्ली काढली, आत्याही काढली आणि परतीच्या बसमध्ये आपल्या शेजारी बसवून तिला घरी आणून सोडलं. तोवर मी भावाला फोन करून रडून घेतलं होतं. तो मिळेल त्या विमानाने आला.

तो आठवडाभर राहिला. त्याने तिच्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या, आणि ती तशाच वेण्यांनी शाळेत गेली. दोघं महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसून काय बोलायचे देव जाणे. घरी येताना तिच्या ओठांवर रोजमिल्कचा गुलाबी रंग असायचा. त्या आठवड्यात ती झोपेतसुद्धा बडबडत होती. तो परत गेला तेव्हा ती रडली नाही. मला वाटलं, चला, एकदाची शहाणी झाली.

पुढच्या परीक्षेनंतर ती तिरुचीला सापडली. भाऊ आला, पण शनिवार-रविवारपुरता, आणि त्यातलाही बराच वेळ तो गच्चीत उभा राहून फोनवर साहेबाची समजूत काढत होता. त्यानंतर ती मदुरैला गेली. या वेळी तो आलाच नाही. व्हिडिओ कॉल केला. "सांग बाळा, तुला काय कमी आहे?" असं तो तिला विचारत होता आणि त्याच्या मागे त्याचं बाळ टेबलाला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होतं. भाची बापाकडे बघत नव्हती, त्या बाळाकडे बघत होती. बाळ धपकन बसलं. मग ती "काही नाही" म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती हरवली की बाप येतो, एवढं एकच तिला उमगलेलं होतं. त्याचं येणं जसं कमी होत गेलं तशी ती आणखी लांब जाऊ लागली होती. बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा हिशेब तो, आणि त्यात चूक दाखवायला मला काही सापडेना.

लोकांना मात्र कारणं भरपूर सापडत होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मोबाइल. तंजावरची माझी चुलत बहीण म्हणाली, आईविना पोर, आणखी काय होणार. मुलांना समुपदेशन करणाऱ्या एका तरुण बाईंनी आवाज अगदी मऊ करून मला विचारलं, "घरी मारहाण वगैरे होते का?" मी म्हटलं, "हो तर, रोज सकाळी कॉफीबरोबर दोन फटके." त्यांना ते खरं वाटलं. तो गैरसमज निस्तरायला मला पुढच्या खेपेला फिल्टर कॉफीची पूड भेट न्यावी लागली. मी चिडखोर आहे हे मला माहीत आहे. पण मी त्या पोरीला कधी बोट लावलेलं नाही.

भावाला मी फोनवर सांगितलं, "ती घरात असताना ये. हरवल्यावर नको येऊस. ती धडधाकट, घरात, अभ्यासाला बसलेली असताना उगाच ये, वर्षातून दोनदा." तो म्हणाला, "ताई, रजा झाडाला लागते काय?" मग मी ओरडले. बायकोला घाबरतो म्हणाले, कसाई म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. शेजारच्या मामी तेव्हा माझ्या खोलीतच होत्या, माझा हात हातात घेऊन बसलेल्या. त्यांना एक शब्द कळत नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ काय म्हणतो?" मी तमिळमध्ये म्हटलं, "येतो म्हणाला." असं आमचं झाकणं.

चौथ्या वेळी तिने आपली चूक सुधारली. दर वेळी आपण पकडले जातो ते आपल्या तमिळमुळे, हे तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून चेन्नईच्या स्टेशनवर एका पोलीस बाईंनी हटकलं तेव्हा ती घरच्या मराठीत बोलली, आणि त्यानंतर कोणी काहीही विचारलं तरी मराठीतच बोलत राहिली. हिंदी आजमावून पाहिली, तेलुगू पाहिली. ही सगळ्यांना मख्ख चेहऱ्याने मराठीत उत्तर देई. शेवटी त्या लोकांनी बाजारातून सोनं गाळण्याच्या धंद्यातला एक सांगलीकडचा माणूस शोधून आणला. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, मराठीच आहे, पण कुठल्या आडगावची आहे ते समजत नाही. मग काय, मुलगी महाराष्ट्रातली ठरली. काही दिवसांनी एका बाईंच्या सोबतीने तिला गाडीत बसवून सोलापूरच्या एका बालगृहात पाठवण्यात आलं. त्या लोकांनी नीट, काळजीनेच केलं सगळं. हिच्या घरचं कोणी तिला शोधत असेल, तर महाराष्ट्रातच शोधत असेल, असं त्यांना वाटलं.

आणि इकडे कुंभकोणमच्या पोलिसांनी मला विचारलं होतं, "मुलगी कोणती भाषा बोलते?" मी म्हटलं, "तमिळ, आणखी कोणती?" आमच्यातल्या कोणीही हेच सांगितलं असतं. पोलीस ठाणं उंबऱ्याबाहेर असतं. म्हणून एका गावात तमिळ बोलणारी मुलगी हरवलेली होती, दुसऱ्या गावात तमिळचा गंधही नसलेली मुलगी सापडलेली होती, आणि त्या दोघींची गाठ पडायला काही कारणच नव्हतं.

तो काळ कसा गेला ते सांगणं कठीण आहे. महिना उलटून गेला होता. एकटी राहण्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं; उलट मला ते आवडायचं, आपला रेडिओ, आपली खिडकी, भातात दही किती घालायचं ते आपलं आपण ठरवायचं. पण कोणाची तरी वाट पाहत एकटं राहणं हे निराळंच असतं. कुकरमध्ये हाताला सवय झालेली म्हणून दोघींचे तांदूळ पडायचे. मी शिळा भात सकाळी डब्यात भरून न्यायचे. संध्याकाळी आडुतुरैहून आले की घरी न जाता बसस्टँडवर बसायचे. तिरुची, मदुरै, चेन्नई, पुदुच्चेरी, प्रत्येक बसमधून माणसं उतरायची, त्यांना घ्यायला माणसं आलेली असायची. कंडक्टर मला ओळखू लागले. एकाने एकदा मला चहा दिला आणि काही विचारलं नाही, तेव्हा मला फार रडू आलं.

नातेवाईक फोनवर हळू आवाजात बोलायचे आणि शेवटी सांगायचे की शेजाऱ्यांना कळू देऊ नको. भाऊ दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा. एकदा म्हणाला, "येईल गं ताई. दर वेळी येतेच ना." मी त्या दिवशी ओरडले नाही. ओरडायला समोर माणूस आहे असं वाटावं लागतं.

भाची सापडली तिच्या रागामुळे. तेवढा गुण माझ्याकडून उचलला असावा. सोलापुरात सगळीकडे आपली घरची भाषा असेल, असं तिला वाटलं होतं. पण तिथल्या मुली तिच्या प्रत्येक वाक्याला खिदळायच्या. ती 'कोठे' म्हणाली की सगळ्या 'कोठे, कोठे' करत तिच्या मागे फिरायच्या, तिच्या हेलाची नक्कल करायच्या. तिने बरेच दिवस सोसलं. मग एका जेवणाच्या वेळी तिने ताट सरकवलं आणि उभं राहून त्या सगळ्यांना अशी काही शिवीगाळ केली, अस्सल कुंभकोणमच्या तमिळमध्ये, की वाढणारी बाई पळीसकट थांबली. ही तमिळ बोलते हे कळल्यावर त्यांनी तमिळनाडूत हरवलेल्या मुलींची यादी मागवली, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन आला.

मी आधी मस्कतला फोन लावला. भावाने देवाचे आभार मानले, तो रडलाही. मग म्हणाला, "बाळाला ताप आहे गं. तूच घेऊन ये."

मी गेले. दोन गाड्या बदलून गेले. बालगृहाच्या ऑफिसात अधीक्षक बाईंनी मला पाणी दिलं, माझी मराठी ऐकून त्याही जराशा हसल्या आणि त्यांनी भाचीला बोलावणं पाठवलं. ती आली. वाळली होती, केस कोणीतरी कानापर्यंत कापले होते. तिने मला पाहिलं आणि लगेच माझ्या मागे, दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"अप्पा?" तिने विचारलं.

"आला नाहीं."

"एवढी दूर आलें तरी?"

मी म्हटलं, "मी आलें ना."

"तूं तर येतेसच," ती म्हणाली.

तिने हे काही टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. जे आहे ते सांगितलं. मी मान हलवली आणि अधीक्षक बाईंनी दाखवलं तिथे सह्या करू लागले. पण ते वाक्य मला लागलं, आणि परतीच्या सगळ्या प्रवासात ते माझ्याबरोबर होतं. ती वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडलेली, मी खाली खिडकीशी. रायचूर गेलं, गुंतकल गेलं. मी तिच्यासाठी घेतलेली केळी तशीच पिशवीत काळी पडली. मला तिचा राग आला होता, हे मी लपवत नाही. जो येत नाही त्याच्यासाठी ही पोर मुलूख पालथा घालते, आणि जी दर वेळी धावते ती हिच्या खिजगणतीत नाही. मग मला माझ्या रागाची लाज वाटली, आणि मग पुन्हा राग आला.

घरी आल्यावर आम्ही दोघी सभ्यपणे राहू लागलो. भांडण नाही, लाड नाहीत. ती शाळेत जायची, मी आडुतुरैला. केस वाढले, मी वेण्या घालू लागले, सरळ. ती बापाचा फोन घ्यायची, हो-नाही करायची. ती पुन्हा जाणार हे मी मनाशी धरून चालले होते. फक्त या वेळी किती लांब, तेवढंच कळायचं बाकी होतं. रोज संध्याकाळी मामींच्या दाराशी पोचेपर्यंत मी श्वास रोखून चालायचे. किल्ली त्यांच्याकडे नसली, म्हणजे पोर घरात असली, की मी श्वास सोडायचे. असे कितीतरी महिने गेले.

मग एके दिवशी आडुतुरैहून येताना पुढे कुठेतरी उसाची लॉरी आडवी झाली. रस्ता बंद. बस तशीच उभी राहिली. माझ्या फोनची बॅटरी संपलेली. लोक उतरले, शेताच्या बांधावर बसले, कोणी वेफर्स वाटले. मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता, आणि आमच्या दाराला कुलूप होतं. मामी बाहेरच उभ्या होत्या. किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

"ती मघाशीच गेली," त्या म्हणाल्या. "चप्पलसुद्धा न घालता. मी हाका मारल्या, थांबली नाही."

किल्ली न देता, चप्पल न घालता ती कधी गेली नव्हती. मला वाटलं, आता ही परत न येण्यासाठी गेली. मामींनी त्यांच्या मुलाच्या स्कूटरवर मला बसवून दिलं आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो.

ती तिथेच होती. टेबलासमोर उभी, अनवाणी, आमच्या घराची किल्ली मुठीत धरून. टेबलामागचे कॉन्स्टेबल तिला समजावत होते, "अगं, बसला उशीर झाला असेल. दोन-तीन तासांत कोणी हरवत नाही. घरी जा, जेव, आत्या येईल." आणि ती मान हलवत होती, नाही, नाही, लिहून घ्या. तिने मस्कतला फोन केला होता, बसस्टँडवर जाऊन आली होती, कंडक्टरांना विचारून आली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तिचे चिखलाने भरलेले पाय दिसले.

मी हाक मारली. ती वळली. मला वाटलं ती धावत येईल. ती जागची हलली नाही. तिथूनच, ठाण्यातल्या सगळ्या माणसांसमोर, ती माझ्यावर मराठीत किंचाळली.

"कोठे होतीस? किती भ्यालें मी! सांगून जायास येत नाहीं तुज? फोन कां ठेवतेस जवळ, पूजा करायास?"

तिच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी तिच्याजवळ गेले तर तिने माझ्या दंडावर एक जोरात मारली, आणि मग तोच दंड दोन्ही हातांनी असा धरला की किल्ली माझ्या कातडीत रुतली.

"काय म्हणतेय ही?" कॉन्स्टेबलनी मला हसत विचारलं.

मी पदराने तिचं नाक पुसलं. पन्नाशी उलटून गेली होती माझी, आणि तोवर मला शोधायला कोणी कधी घराबाहेर पडलं नव्हतं.